न बोललेला नवस

पांढुर्णा
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

प्रिय अमू,

तुला आणि पोरींना अनेक आशीर्वाद, रोशनला नमस्कार.

इतके दिवस गप्प राहिले याची आधी माफी मागते. संक्रांतीपासून तुझे फोन वाजत राहिले आणि मी ते वाजू दिले. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर दोन हात जोडलेलं चित्र पाठवायचं आणि ‘शाळेत परीक्षेची गडबड आहे’ असं लिहायचं, हे माझं ठरून गेलं होतं. गडबड खरीच होती. पण कारण ते नव्हतं.

ताईचं पत्र, तेही पोस्टानं, हे पाहून तू घाबरली असशील. म्हणून पहिलंच सांगते: योगेश आहे, आई आहे, दोघंही सौसरला घरीच आहेत. आता पाणी पी, आणि पोरी शाळेत गेल्या की पुढचं वाच. घाईनं वाचण्यासारखं हे पत्र नाही. लिहायलाही मी घाई करणार नाही.

इकडे मृग बहाराचा संत्रा उतरून राहिला आहे. स्टेशनाकडच्या रस्त्यावर पेट्यांच्या थप्प्या, चालायला जागा नाही. शाळेतल्या मुली दप्तरातून संत्री आणतात आणि ‘मॅडम, घ्या नं’ म्हणून टेबलावर ठेवतात. मी घेते आणि घरी तुझ्या जिजाजींसमोर ठेवते. डिसेंबरपासून मी संत्र्याची एक फोड खाल्लेली नाही. पोळी, भात, भाकर, पोहे, बटाटा, साखर, गूळ, यातलंही काही नाही. तू आत्ता मला पाहिलंस तर ओळखशील, पण ब्लाउज माझे आहेत की दुसऱ्या कोणाचे असं तुला वाटेल.

तुला एवढंच ठाऊक आहे की योगेशचं लिव्हर आता चालण्यातलं राहिलेलं नाही, घरच्या कोणीतरी आपल्यातला तुकडा दिला तरच तो वाचतो, आणि माझा रक्तगट त्याच्याशी जुळला. तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘माझाही ओ-पॉझिटिव्हच आहे, मीही येते तपासायला.’ मी म्हटलं होतं, ‘मी आहे ना. तू कशाला?’ त्यापुढचं मी तुला काही सांगितलं नाही. ते आता सांगते.

नागपूरच्या डॉक्टरांनी माझा पहिला स्कॅन पाहिला आणि म्हणाले, ‘मॅडम, तुमच्याच लिव्हरवर चरबी आहे. असं लिव्हर देता येत नाही. आधी ती उतरवा, मग पुढची मोठी तपासणी.’ मी नववीच्या मुलींना वर्षानुवर्षं यकृताची आकृती फळ्यावर काढून दाखवते. शरीरातला हा एकच अवयव कापला तरी परत वाढतो, हे सांगताना मुली नेहमी ‘खरंच, मॅडम?’ म्हणतात. त्या आकृतीवर चरबी मी कधी काढली नव्हती.

त्यांच्या आहारतज्ज्ञ बाईंनी ‘लो-कार्ब’ असं कागदावर लिहून दिलं आणि तोंडानं समजावलं, की ताटातलं जे पांढरं आणि गोड ते सगळं काढायचं. मी घरी येऊन ताट वाढलं आणि काढून पाहिलं. मेथीची भाजी, काकडी आणि मीठ उरलं. मीठही पांढरंच, पण ते चालतं म्हणे. मग दही, पनीर, दाणे, अंडी, कधी तुझे जिजाजी आणतात ते चिकन, आणि पहाटे स्टेशनपर्यंत चालणं. जिजाजी म्हणाले, ‘भाऊ आजारी अन् पथ्य बहिणीले. वा रे डाक्टर.’ त्यांनी मला ना दे म्हटलं ना देऊ नको म्हटलं. हॉस्पिटलच्या संमतीच्या कागदावर नवऱ्याची सही लागते, तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘कुठं करू, तेवढं दाखव.’ सही करताना त्यांनी चष्माही काढला नव्हता खिशातून. ते मला दिसलं.

योगेशचं उलट. त्याला डॉक्टरांनी सांगितलं आहे की थोडं थोडं, पण सारखं खात राहा. त्याला जात नाही. पोटात पाणी भरतं, नागपूरला नेऊन काढून आणावं लागतं, आणि पोट हलकं झालं की दोन दिवस तो जरा जेवतो. अश्विनी नवऱ्यासाठी पातळ खिचडी करून त्याच्या पुढ्यात बसते आणि तो वाटीकडं असा पाहतो की जणू ती वाटी त्याला काही विचारून राहिली आहे. मी समोर बसलेली असते. त्याला खायचं आहे पण जात नाही. मला जातं पण खायचं नाही. त्या खिचडीला तुपाचा असा वास येतो, अमू!

आईला सांगायचं नाही, ही योगेशची अट होती. ‘ताई, नक्की झाल्यावर सांगू. नाही तं ती रोज माझ्याकडं पाहीन अन् मग तुझ्याकडं पाहीन. माझ्यानं ते पाहवणार नाही.’ मला पटलं. मलाही भीती होती की आई म्हणेल, एक लेकरू असं पडलं आहे, दुसरं कापू देणार नाही. ही भीती होती, का तिनं असं म्हणावं अशी इच्छा होती, हे मला आज सांगता येत नाही. पुढं जे झालं त्यावरून वाटतं, इच्छाच असावी.

मी दर रविवारी सौसरला जाते हे तुला माहीत आहे. डिसेंबरातले रविवार ‘जेवून आले’ म्हणून निभावले. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी अश्विनीनं पानं वाढली आणि मी पोळी परत डब्यात ठेवली. आईनं पाहिलं.

‘काऊन वं, पोळी काऊन नाही घेतली?’

‘सोडली.’

‘काय सोडली?’

‘अन्न सोडलं, आई. योगेशसाठी.’

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. पण विचार कर, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पोळी सोडली म्हटलं असतं तर ‘एका पोळीनं काय होते’ म्हणत तिनं दोन वाढल्या असत्या. देवासाठी सोडलं म्हटलं की आपल्याकडं कोणी घासाचाही आग्रह करत नाही. आईनं हातातला डबा खाली ठेवला.

‘जामसांवलीले नवस बोलली का?’

मी मान हलवली. ‘हो’ म्हटलं नाही. फक्त मान हलवली. यात फरक आहे का, याचा मी नंतर बराच विचार केला. नाही, फरक नाही. सौसरची बस जामसांवलीच्या फाट्यावरून जाते तेव्हा मी हात जोडते, पण तिथं सगळी बसच हात जोडते. त्या निजलेल्या मारुतीला मी काही बोलले नव्हते, काही मागितलं नव्हतं. योगेश माझ्याकडं पाहून गालात हसला, म्हणजे जेवढं त्याला आता हसता येतं तेवढं. आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

मग ते पसरलं. आईनं तिच्या मोहगावच्या जुन्या मैत्रिणीला, म्हणजे आता इथं आमच्या शेजारी राहणाऱ्या पुष्पाकाकूंना फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकू झाकलेली ताटली घेऊन हजर.

‘घे, साबुदाण्याची खिचडी. दाण्याचा कूट मस्त टाकला.’

‘काकू, उपास नाही हो. अन्न सोडलं आहे.’

‘अवं, साबुदाणा काही अन्नात येते का?’

आता साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, हे त्यांना कसं सांगू? मी ताटली घेतली. त्यानंतर शिंगाड्याचा शिरा आला, रताळ्याचा कीस आला, भगर आली. बाई माझ्या उपासाची इतकी काळजी करून राहिली होती की मला रडू यायचं आणि हसूही. सगळं जिजाजींनी खाल्लं. ते म्हणाले, ‘नवस तुझा, वजन माझं वाढून राहिलं.’ आणि अंडी उकडायची तर मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची. मारुतीचा नवस अन् वर अंडं! पुष्पाकाकूंच्या नाकाला कळलं असतं तर त्यांनी माझ्या नावानं स्वतः उपास धरला असता.

योगेशला या सगळ्याची गंमत वाटायची. तुला त्याची जुनी सवय माहीत आहे, कशाचीही थट्टा. बागवानाकडं व्यापारी बाग पाहायला येतो ना, तसा तो दर रविवारी मला पाहायचा. ‘काय म्हणते ताई, माल कसा आहे? रंग धरला का? उतरवायचा कधी?’ अश्विनी ओरडायची, ‘असं काय बोलता हो!’ आणि तो म्हणायचा, ‘आगाऊ सौदा झाला आहे माझा. मी पाहीन नाही तं काय.’ एकदा मी वजन उतरल्याचं सांगितलं तर तो उठून बसला, अमू. कितीतरी दिवसांनी कोणी हात न देता उठला. हे मी उगाच लिहून नाही राहिले. त्याचं ते उठून बसणं तू लक्षात ठेव.

जानेवारी सरता सरता शाळेत अश्विनीचा फोन आला. ‘ताई, आई उठूनच नाही राहिल्या. घाम सुटला आहे. डोळे फिरवून राहिल्या.’ मी पोचेपर्यंत तिला तिथल्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं आणि ग्लुकोज लावलं होतं. डॉक्टर आमच्यावर रागावले होते. बाई शुगरची गोळी रोज घेतात आणि अन्नाचा कण खात नाहीत, घरातल्या कोणाला दिसलं नाही का?

नाही दिसलं. संक्रांतीपासून तिनंही अन्न सोडलं होतं. अश्विनीला ‘पोट बिघडलं’ सांगून नुसत्या दुधावर राहायची. अश्विनी नवऱ्याच्या वाटीकडं पाहणार की सासूच्या ताटाकडं? तिला दोष देऊ नकोस. द्यायचाच तर त्या हललेल्या मानेला दे.

आई शुद्धीवर आली, घरी आणली, तरी खाईना. अश्विनीनं वरणभात कालवून आणला तर तोंड फिरवलं.

‘बहीण अन्न सोडते भावासाठी, अन् माय काय बसून गिळीन? तू खाशीन तवा मी खाईन.’

‘आई, तुला शुगर आहे. तुझं वेगळं आहे.’

‘माह्या पोटचा हाये तो. वेगळं कायचं?’

माझा पुढचा स्कॅन आठवड्यावर आला होता. ताट माझ्या हातात होतं. मी तिच्यासमोर चार घास खाल्ले असते तर चरबी चार घासांनी परत आली नसती, हे मला आज कळतं. पण तेव्हा मी त्या भाताकडं पाहिलं आणि मला भाताची भीती वाटली. खरी भीती. आणि हेही वाटलं की आज खाल्लं तर उद्याही ती खायला लावेल, परवाही. म्हणून मी योगेशची अट मोडली. तिला सगळं सांगितलं. नवस नाही, मारुती नाही. माझ्या लिव्हरवर चरबी आहे, ती गेली की त्यातला मोठा तुकडा काढून योगेशला बसवणार आहेत, म्हणून पोळी बंद.

मी वाट पाहिली. खरंच वाट पाहिली, अमू.

ती म्हणाली, ‘मंग त्याले कधी बसवतीन?’

आणि तोंड उघडलं. माझ्या हातानं सगळा वरणभात खाल्ला, ताट बोटानं पुसून.

दुसऱ्या दिवशी तिनं फोन करून विचारलं, ‘तुले दुखीन का वं?’ म्हणजे तिच्या मनात तेही होतं. फक्त त्याच्या मागं होतं. मी तिच्यावर रागावले नाही. निदान रागावू नये असं मला वाटतं. जे लेकरू बुडून राहिलं आहे त्याच्याकडंच आई आधी पाहणार, काठावर उभ्या असलेल्याकडं नाही. मी शिक्षिका आहे, हे मला समजतं. पण त्या दिवसापासून मी काठावरच उभी आहे असं मला वाटत राहतं.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. चहा केला, बिनसाखरेचा. जिजाजी दुकानातून मध्येच डोकावून गेले. ‘कोणाले लिहून राहिली एवढं?’ म्हणाले. ‘अमूला’ म्हटलं. कागदांकडं पाहून ते दुकानात परत गेले. त्यांनाही पुढचं ठाऊक नाही. कोणालाच नाही. माझ्या डायरीतही मी ते लिहिलेलं नाही, आणि मी डायरीत भाजीवाल्याशी झालेलं बोलणंसुद्धा लिहिते.

स्कॅन छान आला. चरबी जवळजवळ गेली होती. आहारतज्ज्ञ बाईंनी माझा हात हातात घेऊन दाबला. मग मोठी तपासणी झाली. तिचा निकाल घ्यायला मी दहा दिवसांपूर्वी एकटीच नागपूरला गेले.

डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडं वळवून दाखवलं. योगेशला उजवा भाग द्यावा लागतो. तो काढल्यावर माझ्यात जो डावा भाग उरेल तो फार लहान आहे. तेवढ्यावर मी जगेन की नाही याची खात्री त्यांना देता येत नाही. आणि डावा त्याला द्यावा तर तो त्याला पुरत नाही.

मी विचारलं, ‘अजून वजन उतरवलं तर?’

ते म्हणाले, ‘मॅडम, हे जन्मापासूनचं आहे. खाण्यानं नाही बदलत.’

म्हणजे ज्या दिवशी मी पहिली पोळी डब्यात परत ठेवली त्या दिवशीही ते तसंच होतं. आईनं दुधावर काढलेल्या दिवसांतही तसंच होतं. योगेश उठून बसला तेव्हाही.

आता जे सांगणार आहे त्यासाठीच बहुधा मी इतकी पानं भरून राहिले. दवाखान्याच्या फाटकाबाहेर एक गाडी लागते, तर्री-पोह्यांची. मी बाहेर आले आणि तो वास आला. आणि मला भूक लागली. कडकडून. मला वाईट वाटायच्या आधी, योगेशचा चेहरा डोळ्यांसमोर यायच्या आधी. मला आता कापणार नाहीत, हे माझ्या पोटाला माझ्याआधी कळलं, आणि ते खूष झालं. मी तिथं उभी होते, पर्स छातीशी धरून, आणि मला एक प्लेट पोहे हवे होते. योगेश त्यानंतर आठवला.

आईनं ‘कधी बसवतीन’ विचारलं तेव्हा मी मनातल्या मनात त्याची नोंद घेतली होती. तिच्या मनात आधी योगेश आला, मग मी. माझ्या मनात आधी मी आले. मग सांग, कोणाचं माप कोणी घ्यायचं?

पोहे मी खाल्ले नाहीत. त्यानंतरही काही खाल्लं नाही. जिजाजींना सांगितलं, ‘एक रिपोर्ट यायचा आहे.’ मागच्या रविवारी सौसरला गेले आणि पोळी परत डब्यात ठेवली. आईनं अश्विनीला अभिमानानं सांगितलं, ‘पाय, अजूनही नाही खात.’ आज मात्र मला जाववलं नाही. सर्दीचं कारण सांगून घरीच राहिले. पण आजही काकडी आणि दही. आता या पथ्याला काही अर्थ नाही. मी पोळी घेतली की सौसरला सगळ्यांना कळेल, म्हणून घेत नाही. आणि ज्या भुकेनं मला त्या गाडीसमोर उभं केलं तिला मी काही देऊ नये, असंही वाटतं. शुद्ध मूर्खपणा आहे. विज्ञान शिकवणारी बाई मी. जो नवस मी बोललेच नव्हते तो आता पाळून राहिले आहे, आणि मागायला काही उरलेलं नाही.

येत्या गुरुवारी योगेशची नागपूरला तारीख आहे. तेव्हा डॉक्टर त्याला सांगतीलच. तिथली तृप्ती म्हणून मुलगी आहे, देणाऱ्या-घेणाऱ्यांचं सगळं तीच पाहते. ती म्हणाली, ‘ताई, आमच्या तोंडून कळण्याआधी तुम्हीच सांगा.’ याच तृप्तीनं अगदी सुरुवातीला मला एकटीला बसवून सांगितलं होतं, की तुम्हाला कधीही द्यावंसं नाही वाटलं तर फक्त मला सांगा. आम्ही घरच्यांना वैद्यकीय कारण सांगतो, खरं काय ते बाहेर जात नाही. चांगली पद्धत आहे. पण मी कधीतरी ही गोष्ट अश्विनीला कौतुकानं सांगितली होती. आता मी वैद्यकीय कारण घेऊन तिच्यासमोर उभी राहणार. ती माझ्याकडं पाहील. आणि मी भुकेचं आठवून डोळे खाली घालीन.

बाकीचं तुला माहीत आहे. अश्विनीचा गट जुळत नाही. आईचं वय नाही. मेलेल्या माणसाचं लिव्हर मिळावं म्हणून योगेशचं नाव यादीत घातलं आहे, पण ती यादी लांब आहे, आणि त्याच्यापाशी किती वेळ आहे ते डॉक्टरांनी महिन्यांत सांगितलं, वर्षांत नाही.

आणि तू आहेस.

बघ, लिहिलं. फोन केला असता तर तू माझं वाक्य पुरं होण्याआधी ‘हो’ म्हणाली असतीस. लहानपणापासून तू अशीच आहेस, आणि मी त्याचा फायदा घेतल्यासारखं झालं असतं. म्हणून फोन नाही. योगेशनं मला डिसेंबरातच बजावलं होतं, ‘अमूले मधे आणायचं नाही. तिच्या पोरी लहान आहेत.’ त्याचं ऐकायचं असतं तर हे पत्र लिहायलाच नको होतं. मी स्वतःला सांगत होते की मी तुला फक्त कळवून राहिले आहे. तसं नाही. मी विचारून राहिले आहे. शब्द कितीही फिरवले तरी हे विचारणंच आहे.

म्हणून नीट ऐक. पोट कापतात. दोन महिने तरी काही जड उचलायचं नाही, म्हणजे धाकटीलाही नाही. देणारी माणसं क्वचित दगावतात. क्वचित, पण दगावतात. तृप्ती ते लपवत नाही, मीही लपवणार नाही. रोशनशी बोल, त्याच्या घरच्यांशी नको. आणि द्यावंसं नाही वाटलं तर या पत्राला उत्तर देऊ नकोस, पुरे. मी परत विचारणार नाही. तुला लिहिलं हे मी इथं कोणालाही सांगणार नाही. किंवा तृप्तीला भेट, तपासणी कर आणि तिथंच थांब. ती काय ते कारण सांगेल. ते खरं की तिनं तुझ्यासाठी सांगितलेलं, हे मी या जन्मात विचारणार नाही. माझं जे झालं त्यानंतर मला तो अधिकार नाही.

हे पाकीट मी योगेशला माझं सांगून झाल्यावरच पोस्टात टाकीन. तुझ्या हाती पडलं म्हणजे समज, त्याला कळलं आहे. मी तिथं काय बोलले आणि तो काय बोलला ते मात्र विचारू नकोस. ‘माल’ तो आता म्हणणार नाही, एवढं मला दिसतं.

पोरींना जवळ घे. तू ‘नाही’ म्हणालीस तर मी मनातून रडेन आणि मनातून सुटेन. दोन्ही खरं आहे, आणि कोणतं आधी, हे मी आता तपासून पाहणार नाही.

तुझ्याकडं हे मागणारी, आणि तू देऊ नयेस असंही मागणारी,
तुझी ताई
अपर्णा

उद्याचं काम: सकाळच्या बसनं सौसरला जाऊन योगेशला सांगणे, आईच्या आधी.